न्हाणीमागचं भेदराचं झाड

मित्रांनो, मला जुनं म्हणावं की नवं, हे मलाच नीट सांगता येत नाही. मी भेदराचं झाड. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मला टोमॅटो म्हणत असतील, बाजारात टमाटर म्हणत असतील. पण आमच्या यवतमाळाकडे मी भेदरंच. माझं आयुष्य ते केवढं? मृगात उगवायचं, दिवाळीला फुलायचं, माघात लाल व्हायचं आणि उन्हाळा तापला की वाळून जायचं. पण मी मरतो तो अर्धाच. माझं बी राखेत घोळवून शेणाच्या गोवरीत दाबतात, ती गोवरी घराच्या भिंतीला थापतात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच बियांतून मी पुन्हा उठतो. रात्री झोपलेला माणूस सकाळी उठला म्हणून दुसरा होत नाही, तसाच मी. मागचं सगळं मला आठवतं. आठवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

बाभुळगावापासून दोन कोसांवर एक तांडा आहे. तिथल्या लोकांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचे. पुढे बैल नांगराला लागले आणि माणसं एका जागी रुजली. त्या तांड्यात लालीबाई नावाची म्हातारी राहायची. मुकुटबनाकडचं तिचं माहेर. लग्न होऊन आली तेव्हा तिनं ओढणीच्या कोपऱ्यात गाठ मारून माझं बी आणलं होतं. तिच्या न्हाणीचं पाणी जिथून मागे वाहायचं तिथं तिनं मला लावलं. तेव्हापासून माझा पत्ता तोच. त्यांच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, चालते. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीतच सांगतो.

माझी फळं तुमच्या बाजारातल्या गुबगुबीत टमाटरासारखी नाहीत. बोराहून थोडी मोठी, अंगावर चुण्या, आणि आंबट अशी की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटावा. माझा स्वभावही फळासारखाच, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

लालीबाई औषध द्यायची. तोंड आलं की माझ्या फळाचा रस, चटका बसला की माझा ठेचलेला गर, गांधीलमाशी चावली की पान चोळायचं. १९५७ साली यवतमाळच्या रस्त्याचं डांबर पडत होतं. तांड्याशेजारच्या गावातल्या उकंडाच्या पायावर ते उडालं, तेव्हा लालीबाईनं चार दिवस माझा गर बांधला. पाय थंडावला आणि माझा बोलबाला झाला. खरं सांगायचं तर गांधीलमाशीचा दंश माझ्याशिवायही उतरलाच असता, आणि उकंडाचा पायही बराचसा आपला आपणच सुधारला असेल. पण गावाला हे कोण सांगणार? मी तर नाहीच. कौतुक कुणाला कडू लागतं?

औषध घ्यायची लालीबाईची एक रीत होती. आदल्या दिवशी दिवे लागायच्या आधी ती माझ्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायची आणि म्हणायची, "उद्या येतो, बाबा, तयार राय." याला तांड्यात नेवतं, म्हणजे आमंत्रण, म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, तोंडातून शब्द न काढता यायची. सोबत जे कोणी असेल त्याला हातानं खुणावायची, नाहीच कळलं तर एवढंच म्हणायची, "पाठ फिरव." मग एक पान खुडायची. ते पान दुखणाऱ्याच्या अंगाला लावायची आणि चौरस्त्यावर टाकून द्यायची.

इथं मित्रांनो, नीट ऐका. ते पान म्हणजे औषध नव्हतं. ते नुसतं मागणं होतं. तुमच्या घरी कामाला हात घालण्याआधी नारळ फोडतात, तसं. पान टाकून झालं की ती खरं औषध द्यायची आणि ते इतकं साधं असायचं की कुणाला औषध वाटायचंच नाही. ती माझ्या पानाला मान द्यायची आणि फळाला काम. हे तिला ठाऊक होतं आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही.

आणि मला याचा अभिमान होता. हळदीचे तांदूळ मिळायचे, माझ्यापुढे माणसं पाठ फिरवून उभी राहायची. शेजारी वांग्याचं झाड होतं, त्याला असला मान कधी मिळाला नाही. मी त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघायचो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

उकंडाची बायको पंचफुला. १९५६ च्या दसऱ्याला ही दोघं पांढरे कपडे घालून नागपूरला गेली होती आणि नवा धर्म घेऊन परत आली होती. घरातले जुने देव त्यांनी नदीत सोडले. पंचफुला गावातल्या वर्गात अक्षरं शिकायला लागली. जे दिसेल ते लिहायचं, असा तिला नादच लागला. नवऱ्याचा पाय बरा झाल्यावर ती एक वही घेऊन लालीबाईच्या न्हाणीमागे येऊन बसली.

"लालीबाई, काय काय देतं तू, सांग ना वं. मी लिवून ठेवते."

"सांगतलं की गुन जाते, पंचफुला."

"कुठी जाते? पाय फुटतात का त्याले?"

लालीबाई हसली. तिच्या हातातले बांगड्यांचे थर खळखळले. "माह्या सासूनं मले मरताना सांगतलं. मी जमनीले मरताना सांगीन. तशीच रीत हाय आमची."

"अन् मरन काय सांगून येते?"

"आमच्या घरात सांगून येते," लालीबाई म्हणाली.

पंचफुलानं वहीत वर लिहिलं, 'लालीबाईचे औषध'. खालचं पान कोरं राहिलं. जाताना ती म्हणाली, "हे पान मी असंच ठेवते. तुह्यं मन झालं की बोलाव." ती पाठमोरी गेली तेव्हा मी मनात म्हटलं, जा, मोठी आली लिहिणारी. इतका मी मूर्ख होतो.

जमनी ही लालीबाईची सून. मुलगा प्रेमसिंग गाडी हाकायचा, कापसाच्या दिवसांत जिनिंगला माल पोचवायला आठ-आठ दिवस बाहेर असायचा. त्यांना एकच लेक, बिजली. पोर नावासारखी होती. हातातून कधी निसटेल याचा नेम नाही. माझी फळं पिकायच्या आधीच ती मोजून ठेवायची आणि रोज न्हाणीमागून ओरडायची, "दादी, लाल झालं का वं?" पिकलेलं दिसतच असायचं, तरी विचारायची. लालीबाई आतून ओरडायची, "मले कायले इचारतं? तुले डोये नाईत का?"

१९५९ च्या माघात ती पाच वर्षांची होती तेव्हा एक दिवस तिन्हीसांजेला ती अंगणातल्या खाटेवर आपटली. दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीवर. उजेड सरला की तिला दिसेनासं व्हायचं. जमनी घाबरून गेली. लालीबाईनं नेवतं दिलं, सकाळी जमनीला पाठ फिरवायला लावलं, माझं पान खुडलं, बिजलीच्या मिटलेल्या पापण्यांना लावलं आणि चौरस्त्यावर टाकलं. मग तिनं खरं काम सुरू केलं. रोज सकाळी माझी पिकलेली फळं मूठभर. शेवग्याचा पाला ज्वारीच्या भाकरीत कालवून. तांड्यात बकरं कापलं की प्रेमसिंगच्या ताटातली कलेजी उचलून निखाऱ्यावर भाजून नातीच्या तोंडात. प्रेमसिंग कुरकुरला तर म्हणायची, "तू बैल हाकते, डोये बैलाले पायजेत. तुले कायले?"

महिन्याभरात बिजली संध्याकाळी अंगणात कोंबड्यांमागे धावायला लागली. तांडा म्हणाला, भेदराच्या पानाचा गुण. जमनीही तेच म्हणाली. तिनं काय बघितलं होतं? तिनं पाठ फिरवली होती. खांद्यावरून चोरून बघितलं तेव्हा सासूच्या बोटांत पान आणि ती बोटं लेकीच्या डोळ्यांवर, एवढंच तिला दिसलं होतं. आणि फळं? फळं तर सगळेच खातात, कालवणात घालतात. ज्याला रोज तोंडी लावायचं ते औषध कसं असेल?

१९६१ च्या जेठात लालीबाई गेली. मी तेव्हा बियांच्या रूपात घरातच होतो, तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर, गोवरीत. म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. सकाळी ती दळायला बसली आणि एका अंगावर कलंडली. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. मरण तिला सांगून आलं होतं खरं, दोन दिवस आधी. पण येताना त्यानं तिचं बोलणंच काढून घेतलं.

जमनी तिच्या उशाशी बसून होती. "सांगा, याडी, आता सांगा," ती परत परत म्हणत होती. याडी म्हणजे आई; सासूलाही ती तेच म्हणायची. लालीबाईचे डोळे भिंतीवरच्या गोवरीकडे, म्हणजे माझ्याकडे वळले. मग बिजलीकडे. मग तिनं डावा हात उचलला आणि बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली. पुन्हा नेली. पुन्हा. खायला दे, पोरीला हे खायला दे, असं ती सांगत होती.

"पानी पायजे त्याईले," जमनी म्हणाली आणि तिनं सासूच्या तोंडात पाणी घातलं.

लालीबाईनं मान हलवली. पुन्हा बोटं तोंडाकडे. जमनीनं पुन्हा पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे चाललं. शेवटचं पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. मित्रांनो, भिंतीवर चिकटलेल्या बियांना ओरडता येत असतं तर त्या दिवशी सगळा तांडा जागा झाला असता.

जमनीनं मृगात गोवरी फोडून मला लावलं. सासूची आठवण म्हणून ती माझी काळजी घ्यायची. त्या वर्षी मी जीव तोडून वाढलो. १९६२ च्या माघात माझ्या अंगावर इतकी लाल फळं होती की फांद्या जमिनीला टेकल्या. आणि नेमका तेव्हाच बिजलीला गोवर निघाला.

गोवर निघाला की घरात फोडणी द्यायची नाही, मटण आणायचं नाही, आंबट तोंडात घालायचं नाही. हा नेम सगळ्यांचाच, नुसता तांड्याचा नाही. तीन आठवडे पोर भाताच्या पेजेवर राहिली. गोवर गेला, पण खोकला मागे ठेवून गेला, मग आंबट आणखी वर्ज्य झालं. माझी फळं दहा पावलांवर पिकून गळत होती. बिजली खाटेवरून विचारायची, "याडी, लाल झालं का वं?" जमनी म्हणायची, "आंबट हाय, बाई. खोकला वाढन."

मग एका संध्याकाळी बिजली पाण्याच्या गुंडीवर आपटली.

जमनीला तीन वर्षांपूर्वीचं आठवलं. तिला धीर आला. औषध तर तिला ठाऊक होतं! प्रेमसिंग गाडी घेऊन मारेगावाकडे गेला होता, पण तिला त्याची गरज वाटली नाही. त्याच संध्याकाळी माझ्या बुडाशी हळदीचे तांदूळ आले. सकाळी ती ओल्या केसांनी, तोंड मिटून आली. तिच्या डोळ्यांत केवढी आशा होती! तिनं एक पान खुडलं. मला वाटलं, पापणीला लावील आणि टाकील. पण तिनं ते तळहातावर चोळलं, थुंकी लावून रस काढला आणि लेकीच्या दोन्ही डोळ्यांत पिळला.

माझ्या पानात जे आहे ते किडींसाठी आहे, मित्रांनो. गुरं मला तोंड लावत नाहीत ते उगाच नाही. बिजली किंचाळली. जमनीनं तिचं तोंड दाबलं. "आग झाली म्हंजे गुन येऊन राह्यला," ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन पानं, तिसऱ्या दिवशी चार. डोळे निखाऱ्यासारखे झाले, मग कोरडे पडले, बुबुळावर पांढुरकं आलं. मी न्हाणीमागे उभा राहून तिची किंचाळी ऐकत होतो आणि वारा आला की हलत होतो. दुसरं मला काही करता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी पंचफुला ताक मागायला आली. पोरीला बघून तिनं हातातलं भांडं खाली टाकलं. "जमनी, गाडी जुंप. आत्ताच्या आत्ता." उकंडानं बैल आणले. निघताना जमनी धावत न्हाणीमागे आली, माझी मूठभर पानं खुडली आणि ओढणीच्या गाठीत बांधली. अशा गाठीतच मी मुकुटबनाहून आलो होतो. आता मी यवतमाळच्या दवाखान्यात निघालो.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण चांगला होता. त्यानं बिजलीच्या पापण्या हळूच उघडल्या आणि विचारलं, "डोळ्यांत काही घातलं होतं का? पाला, दूध, मध, काहीही असलं तरी सांगा. मी रागावणार नाही."

मी गाठीत होतो. जमनीची मूठ माझ्यावर आवळली होती. पंचफुला तिच्याकडे बघत होती.

"काई नाई, साहेब," जमनी म्हणाली.

ती खोटारडी नव्हती. तिला वाटत होतं, सांगितलं तर गुण जाईल आणि पोरीचे डोळे जातील. लेकीसाठीच ती खोटं बोलली.

डॉक्टरनं मलम दिलं, माशाचं तेल पाजायला दिलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. "उजव्याचं कठीण आहे," तो म्हणाला. "डावा वाचेल, असं वाटतंय." तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलताना बिजलीनं मान वळवली आणि आईच्या ओढणीवर शिवलेल्या आरशाकडे बोट केलं. "याडी, चमकून राह्यलं." पंचफुला रडायला लागली. डॉक्टरही हसला. माझ्या सगळ्या जन्मांत त्या सकाळी झाला एवढा आनंद मला कधी झाला नाही, आणि तो दुपारपर्यंतच टिकला.

कारण जमनीला वाटलं, हा आपल्या पानाचा गुण. डॉक्टर फिरून गेला की ती रोज पट्टी सैल करून थेंबभर रस घालत होती. त्या दुपारी तिनं गाठीतली उरलीसुरली सगळी पानं काढली. मी वाळून काळा पडलो होतो. तिनं मला पेल्यातल्या पाण्यात भिजवलं, कुस्करलं आणि चांगल्या होत चाललेल्या त्या डाव्या डोळ्यात ओतलं.

पंचफुला परत आली तेव्हा तिला जमनीची हिरवी बोटं दिसली.

"हे काय वं? जमनी? काय केलं तू?"

जमनीनं बोटं ओढणीत लपवली.

"तुह्या लेकीची आन हाय तुले. बोल!"

लेकीची शपथ पडल्यावर तिचं तोंड उघडलं. तिनं सगळं सांगितलं. नेवतं, पान, रस, सासूनं मरताना केलेली खूणसुद्धा. पंचफुला डोक्याला हात लावून खालीच बसली. "तोंडाकडे हात नेत होती माय," ती म्हणाली. "खायाले सांगत होती ते. फयं खाऊ घालत होती पोरीले, कलेजी देत होती, म्या पायलं हाय. अन् तू पानी पाजलं!" मग ती डॉक्टरकडे धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं पट्टी सोडली. त्यानं बिजलीच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं, मग आरसा धरला, मग कंदील. मग त्यानं कंदील विझवला.

"याडी," बिजली म्हणाली, "पट्टी काढत काहून नाई?"

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की यातून सगळे शहाणे झाले असतील. गोष्टीत तसंच होतं. पण जमनीनं काय बघितलं होतं ते आठवा. गप्प होती तोवर पोरीला आरसा दिसला. तोंड उघडलं आणि दुसऱ्या सकाळी पोर आंधळी झाली. तिनं या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, आणि ती गाठ आजपर्यंत कुणाला सुटली नाही. "म्या सांगतलं," ती छाती पिटून म्हणायची, "म्या सांगतलं म्हून गुन गेला." तांडाही तेच म्हणाला. मला आधी तिचा राग आला. आता येत नाही. आपल्याच हातानं लेकीचे डोळे घालवले, हा दोष तिला जन्मात सोसला नसता. जिभेचा दोष तिनं कसाबसा सोसला.

पंचफुलानं त्या कोऱ्या पानावर सगळं लिहिलं. पान डोळ्यात घालायचं नाही. लाल फळ, शेवग्याचा पाला, कलेजी खायला द्यायची. गोवर निघाला तरी द्यायची. दवाखान्यात खरं सांगायचं. वही घेऊन ती तांड्यात वाचायला आली. जमनीनं कानांवर हात ठेवले आणि ओरडली, "वाचू नको! तुह्यामुळंच झालं हे!" प्रेमसिंगनं पंचफुलाला हात जोडले आणि वाटेला लावलं. ती त्यानंतर दोनदा आली. मग येईनाशी झाली. गावातल्या वर्गात ती ते पान मुलांना वाचून दाखवते म्हणतात. तांड्यातली मुलं त्या वर्गात जात नाहीत.

मला वाटलं होतं जमनी मला उपटून टाकील. मला ते हवंच होतं. पण तिच्या लेखी माझा दोष नव्हता ना! उलट माझा मान वाढला. प्रत्येक पावसाळ्यात ती मला लावते, शेणखत घालते, वांग्याच्या आधी मला पाणी मिळतं.

आता १९६६ चा माघ आहे. बिजली बारा वर्षांची झाली आहे. ती भिंतीला हात लावत न्हाणीमागे येते, माझं पान बोटांत चुरगळून नाकाशी नेते आणि माझ्याजवळ बसून राहते. फळं चाचपते. कच्चं फळ टणक, पिकलेलं मऊ, तिला कळतं. तरी अजून विचारते, "याडी, लाल झालं का वं?" आत जमनी जातं जोरानं फिरवायला लागते.

आंधळ्या पोरीच्या हाताला गुण असतो, असं आता तांड्यात म्हणतात. जमनीनं तिला सगळं शिकवलं आहे, जसं तिला कळलं तसं. नेवतं, आंघोळ, मुकं राहणं. आणि कुणालाही, कधीही न सांगणं.

आज सकाळी पलीकडच्या तांड्यातली एक बाई आली होती. कडेवर तीनेक वर्षांचं लेकरू. त्याला दिवे लागायच्या वेळी दिसत नाही, म्हणत होती. काल तिच्यासाठी नेवतं झालं होतं. बिजली ओले केस घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाठ फिरव." तोच आवाज, लालीबाईचाच. त्या बाईनं पाठ फिरवली. बिजलीनं चाचपत माझी चार पानं खुडली आणि बाईच्या हातावर ठेवली. "रस काढजो. आग झाली तं भेऊ नको. अन् दवाखान्यात कोनी इचारलं तं सांगू नको. म्या भोगून राह्यली."

बाईनं पानं ओढणीत बांधली आणि गाठ आवळली. ती वळली तेव्हा तिच्या घागऱ्याचा झोळ मला लागला आणि एक फळ तुटून पडलं. लाल, पूर्ण पिकलेलं. लेकरू कडेवरून सरकन खाली उतरलं. दिवसाच्या उजेडात त्याला छान दिसत होतं. त्यानं ते उचललं, झग्याला पुसलं आणि तोंडाकडे नेलं.

बाईनं त्याच्या हातावर चापट मारली. फळ न्हाणीच्या चिखलात पडलं.

"आंबट हाय," ती म्हणाली. "खोकला होईन."

मित्रांनो, ती आत्ताच गेली. मी तिच्या गाठीत बांधलेला आहे आणि इथंही उभा आहे. मला पाय नाहीत, तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरात जी कोणी म्हातारी औषध देत असेल तिला आजच विचारा. ती सांगणार नाही, पुन्हा विचारा. सांगितलं तर लिहा, लिहिलेलं जाणत्याला दाखवा. आणि उद्या कुणी तुम्हाला "पाठ फिरव" म्हणालं, तर एवढं माझं ऐका, फिरवू नका.